बॅग लटकवू नका, बसवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी बॅगा, पिशव्या लटकवून फिरणाऱ्यांना चौकात धरून दंड करा म्हणून. वाचून आधी डोकंच फिरलं कारण मी त्यातलाच एक. मग दुसरा चहा घेताना परत वाचलं तर निम्मं पत्र पटलं की राव. लटकवलेली बॅग खरंच वाईट, त्याची खूण माझ्या डाव्या गुडघ्यावर अजून आहे. पण दंड करून बॅगा बंद होणार नाहीत, ज्याचं पोट गाडीवर आहे तो सामान डोक्यावर तर घेणार नाही. म्हणून म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात, चाराच्या चाळीस झाल्या तर कात्री तुमच्याकडं आहेच.

माझा धंदा वजनकाटे आणि दूध संस्थांतली फॅट मशीन, म्हणजे दुधातली फॅट मोजायची यंत्रं, दुरुस्त करायचा. राहायला फुलेवाडीत आणि लाईन गगनबावडा रोडची, बालिंगा, कळे, साळवण, असळज आणि आतली गावं. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळच्या दुधाच्या आत काटा चालू करून द्यायचा, नाहीतर सेक्रेटरीच्या आधी म्हशीवालेच शिव्या घालतात. त्यामुळं गाडीवर रोज काय असतं तर हत्यारांची पेटी, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान, दोन लोडसेल (इलेक्ट्रॉनिक काट्यात वजन ओळखणारा भाग), एखादी बॅटरी आणि काटा तपासायची लोखंडी वजनं. आता वजनं म्हणजे वजनंच, ती सॅकमध्ये घालून पाठीवर घ्यायचा विषय नव्हे. तरी दोन वर्षं घेतली, शेवटी कंबरेच्या डॉक्टरांनी सॅक बंद करायला लावली.

मग घेतली खोगीर बॅग, सीटवरनं टाकायची आणि दोन्हीकडं लोंबणारी. दिसायला झकास. ऊसाचा सीझन चालू होता, कळ्याच्या अलीकडं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं, आणि ट्रॉलीतनं ऊस कसा बाहेर आलेला असतो ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. ओव्हरटेक करताना एका ऊसानं बॅगेचा पट्टा ओढला, बक्कल सुटलं, आणि बॅग शॉकअपच्या मागनं सरळ मागच्या चाकात. चाक जाम. वेग पंचवीसच्या आसपास असेल म्हणून आज हे पत्र लिहितोय, गाडी फरफटत कडेला गेली आणि मी तिच्याबरोबर, मागनं काही येत नव्हतं हे नशीब. एका फॅट मशीनचं सर्किटचं कार्ड बॅगेत होतं त्याचे दोन तुकडे, आणि ते कार्ड गिऱ्हाईकाचं होतं. त्या दिवशी कळलं की बॅगेला धरायला नुसता पट्टा पुरत नाही, बॅग आणि चाक यांच्यामध्ये लोखंड पाहिजे. तुमच्या वाचकाचं निम्मं पत्र पटलं ते इथपर्यंत.

पुढं जे केलं ते मात्र सगळ्यात मूर्खपणाचं. एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो, नाव गाव सांगत नाही, भला माणूस आहे पण घाईचा. म्हणाला, ‘काय पावणं, कशाला मोजत बसताय, आत्ता हाणतो की दोन टाके!’ आणि खरंच अर्ध्या तासात १० एमएमच्या सळईची चौकट वाकवून गाडीच्या चेसीला डायरेक्ट वेल्डिंग मारून दिली. गाडी इंजेक्शनची, बीएस सिक्स, बॅटरीची वायर सुद्धा काढली नाही, इसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर वाचला हे माझं नशीब की त्याचं माहीत नाही. आठ महिन्यांनी गाडी धुताना बघतो तर वेल्डिंगच्या कडेला, शॉकअपच्या वरच्या बोल्टजवळ, केसासारखी रेघ. आधी वाटलं कलर उडालाय. नखानं खरवडलं तर आत गंज. चेसीची पाईप पातळ असते, तिच्यावर आर्क वेल्डिंगचा जाळ मारला की टाक्याच्या शेजारची जागा कडक होते, मग रोजच्या हादऱ्यानं ती तिथनंच चिरते, टाका तसाच शाबूत राहतो. शिवाय आतल्या बाजूचा रंग जळतो तो कोण परत लावणार. दुरुस्तीला किती गेले ते घरात खरं सांगितलेलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही, आमच्या घरी तुमचाच पेपर येतो.

आणि एक चूक शंभर टक्के माझी स्वतःची. तिसऱ्या खेपेला मी स्वतः डोकं लावलं आणि वरचे दोन पॉइंट चेसीला घेतले, खालचा आधार मात्र मागच्या चिमट्याला, ज्याच्यात चाक बसतं त्याला. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीला एकदम फिट्ट बसलं. पण चिमटा तर खड्ड्यागणिक वर-खाली होतो आणि चेसी होत नाही, शॉकअप असतोच त्यासाठी! म्हणजे माझी चौकट एका टोकाला स्थिर माणसाच्या आणि दुसऱ्या टोकाला नाचणाऱ्या माणसाच्या हातात. बालिंग्याच्या पुलापर्यंत गेलो नसेन तोवर खालची पट्टी वाकून पळी झाली. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कळू नये याची लाज अजून वाटते, पण लिहितोय अशासाठी की गावाकडच्या गाड्यांना मी हाच घोळ अजून बघतो.

अक्कल आली ती गंगावेशीत. दूध कट्ट्यावर डोळ्यासमोर म्हैस पिळून दूध देतात ते सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे, तिथं दूध घ्यायला थांबलो होतो आणि शेजारी एका गवळीमामांची गाडी. मागं आडवं लोखंडी स्टँड, दोन्हीकडं हुक, हुकाला कॅन. मामा आले, दोन्ही कॅन उचलून काढले, गेले. ना पाना ना बक्कल. आता दूध पाण्यापेक्षा जड, लिटरला साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे वीस लिटरचा एक भरलेला कॅन डब्याचं वजन सोडून साडेवीस किलोच्या वर. असे दोन कॅन हा माणूस वर्षानुवर्षं रोज खेड्यातनं शहरात आणतोय आणि मी दहा किलोच्या बॅगेसाठी रडतोय. विचारलं, ‘मामा, कॅन उडत न्हाईत काय खड्ड्यात?’ तर म्हणाले, ‘भरल्याला उडतंय व्हय? रिकामा आसला की उडतोय, म्हणून जाताना दोरी बांधतो.’ वजनानं खाली बसणारी वस्तू तिच्याच वजनानं पक्की राहते, फक्त ती वर उडू नये एवढीच सोय करायची. माझं सगळं स्टँड या एका वाक्यावर बनलंय.

आता ते कसं बनवलं ते सांगतो, ज्याला करायचंय त्याला उपयोग होईल. स्टँडचे दोन भाग. एक भाग गाडीला कायमचा, पण बोल्टनं, वेल्डिंगनं नाही. दुसरा भाग म्हणजे बॅगेची चौकट, ती काढता-घालता येणारी. कायमच्या भागासाठी गाडीला एकही नवीन भोक पाडायचं नाही, कंपनीनं दिलेल्या बोल्टांचाच फायदा घ्यायचा. सीटमागचं धरायचं हँडल बोल्टवर असतं, शॉकअपचा वरचा बोल्ट असतो आणि मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट असतो. हे तीन पॉइंट बघा कसे पडतात, बरोबर त्रिकोण होतो, आणि तिन्ही चेसीबरोबर हलतात, चिमट्याबरोबर नाही. फक्त फूटरेस्टचा ब्रॅकेट नक्की कशाला बसलाय ते आधी बघून घ्या, काही जुन्या गाड्यांना तो चिमट्यालाच असतो, मग माझ्यासारखी पळी होईल. शॉकअपचा बोल्ट सैल करताना गाडी डबल स्टँडवर पाहिजे आणि एका वेळी एकच बाजू. पट्टीच्या जाडीमुळं आटे कमी पडत असतील तर तो पॉइंट सोडून द्या आणि हँडलच्याच दोन बोल्टांवर पट्टी घ्या, शॉकअपच्या नटाचे दोन आटे वाचवायला जाऊन जीव घालवू नका.

पट्टी घेतली लोखंडाची, २५ बाय ५ एमएमची, लक्ष्मीपुरीत कुठंही मिळते, मीटरला किलोच्या आसपास भरते. बोल्ट एम ८ म्हणजे ८ एमएमचे, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा लिहिलेले, आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्यानं सहज सुटत नाहीत ते. साधे बोल्ट दोन-चार रुपयांनी स्वस्त मिळतात ते घेऊ नका. एक लक्षात ठेवा, जपानी पद्धतीच्या गाडीच्या मूळ एम ८ बोल्टाला बहुतेक १२ चा पाना लागतो आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या एम ८ ला १३ चा, म्हणून डिकीत दोन्ही पाने ठेवा नाहीतर कळ्यात उभं राहून फोन करत बसाल.

आता खरी गंमत. वरच्या पट्टीला १६ एमएम बाहेरच्या मापाच्या, १.६ जाडीच्या पाईपचे ३५ एमएमचे दोन तुकडे उभे वेल्ड केले. सोळातनं दोन्हीकडची जाडी ३.२ वजा केली की आत राहतं १२.८. चौकटीला त्याच अंतरावर १२ एमएमच्या गोल सळईच्या दोन खुंट्या, खाली तोंड करून, ५० एमएम लांब. म्हणजे जुन्या वाड्याच्या दाराला उचलून काढायची बिजागरी असायची ना, तस्सं. वरनं चौकट सोडायची, खुंट्या पाईपात बसतात, सगळं वजन पाईपाच्या तोंडावर येतं आणि खुंटीचं टोक खालनं पंधरा एमएम बाहेर डोकावतं. त्या टोकाला आधीच ४ एमएमचं भोक पाडून ठेवायचं आणि त्यात आर पिन घालायची, ट्रॅक्टर-ट्रॉली जोडायच्या खिळीला ती वाकड्या तारेची पिन असते ती, त्यातली बारकी. गवळीमामांची दोरी ती हीच. खालच्या बाजूला फूटरेस्टच्या ब्रॅकेटवरनं एक पट्टी काढून तिच्यात १० एमएमचा स्टड आडवा बसवला आणि चौकटीच्या खालच्या दांडीला खाली तोंड असलेली खाच ठेवली, चौकट वरनं खाली येताना खाच आपोआप स्टडवर बसते, स्टडला आत-बाहेर मोठे वायसर लावले की चौकट चाकाकडं पण जात नाही आणि बाहेर पण फाकत नाही. काढायला दोन पिना ओढायच्या आणि वर उचलायचं. मी घड्याळ लावून बघितलंय, एका बाजूला वीस सेकंद, थंडीत हात आखडलेले असले तर पंचवीस.

पहिल्यांदा खुंट्या बसेचनात. हिशेबानं पाऊण एमएमच्या वर फट आहे मग का बसेना, तर पाईपच्या आतल्या बाजूला जोडाची बारीक कड असते ती आडवी येत होती. ड्रिल मशीनवर साडेबाराचं बिट फिरवून घेतलं तेव्हा कुठं खुंटी खाली गेली. मग हौसेनं पावडर कोटिंगला दिलं आणि पाईपची तोंडं बंद करा म्हणून सांगायला विसरलो. कोटिंगचा थर साठ-ऐंशी मायक्रॉनचा असतो पण कडेला जाड बसतो, आणि भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजून निघालं की ते खरवडून पण निघत नाही, परत गेलो ड्रिलवर. तिथला पोरगा म्हणाला, ‘मामा, हितं ऱ्हायलाच या आता.’ तुम्ही करणार असाल तर खुंट्यांना आणि पाईपांना कोटिंग नकोच, ग्रीस लावा. बाकी चौकटीला साधा रेड ऑक्साईड आणि वर काळा ऑईल पेंट मारला तरी दोन पावसाळे आरामात निघतात.

चौकट त्याच १६ च्या पाईपची केली, सळईची नाही. फॅब्रिकेशनवाले सळई सुचवतात कारण ती वाकवायला सोपी, पण मीटरला किती किलो भरते त्याचं सूत्र लोखंडवाल्यांना माहीत आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १० ची सळई मीटरला ६१७ ग्रॅम. आणि १६ ची पातळ पाईप मीटरला ५७० च्या आसपास. वजन जवळपास सारखंच पण पाईप वाकायला कितीतरी कमी दाद देते. वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरायची, आणि वाळूला आपल्या कोल्हापुरात तोटा नाही, निम्म्या फाउंड्र्या तिच्यावरच चालतात. फक्त गरम करून वाकवणार असाल तर वाळू खडखडीत कोरडी पाहिजे, ओल्या वाळूची वाफ झाली की टोकाचं बूच बंदुकीसारखं उडतं. माझी एका बाजूची चौकट भरली १ किलो ५८० ग्रॅम, माझ्याच काट्यावर, त्यामुळं वाद नको.

माप घ्यायला मी काय केलं तर फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा. गाडी डबल स्टँडवर लावली, पुठ्ठा बाजूला धरला, बोल्टांच्या जागा पेन्सिलीनं मारल्या, इंडिकेटर कुठं येतो, फूटरेस्टवर बसणाऱ्याची टाच कुठं येते, किक मारताना पाय कुठं लागतो, चेन कव्हर काढायचं झालं तर पाना फिरेल का, सगळं पुठ्ठ्यावर. मग बायकोला मागं बसवून परत बघितलं. ती म्हणाली, ‘अहो, मी काय पुठ्ठा हाय व्हय मापाला?’ पण तिच्यामुळंच एक गोष्ट पक्की झाली. आपल्याकडं बायका साडीवर एका बाजूनं बसतात, दोन्ही पाय डावीकडं, साडी गार्डच्या फूटरेस्टवर. डाव्या बाजूला कायमची चौकट असेल तर ती बसणार कुठं? बॅगेचं कायमचं स्टँड मारून घेतलेले लोक पहिल्यांदा साडी गार्डच कापून टाकतात, मी डोळ्यानं बघितलंय. अहो, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागं माणूस बसायची सोय असलेल्या गाडीला धरायला हँडल पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला पाहिजे. साडीचा पदर चाकात गेला की काय होतं ते ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा. म्हणून काढता येणारं स्टँड. सोमवार ते शनिवार बॅग, रविवारी सकाळी दोन पिना ओढल्या की गाडी परत नवरा-बायकोची, जोतिबाला जा नाहीतर रंकाळ्याला भेळ खायला.

काढता येण्याचे बाकीचे फायदे वापरल्यावर कळले. बॅग चौकटीसकट उचलून संस्थेच्या टेबलापर्यंत नेतो, सामान तीन हेलपाट्यांत न्यायचं बंद झालं. पंक्चर काढायला मागचं चाक खोलायचं झालं तर अडत नाही. लक्ष्मीपुरीत गाडी लावून दुकानात जायचं तर बॅग गाडीवर सोडावी लागत नाही. आणि पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की पाण्यात गाडी घालायची नाही हे २०१९ आणि २०२१ नंतर शहाण्यानं ठरवलेलंच असतं, मागच्या वेळी अलीकडच्या गावात ओळखीच्यांकडं गाडी ठेवली आणि दोन बॅगा दोन हातात घेऊन वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, घरी आलो, तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर गाडी आणली. स्टँड वेल्डिंगचं असतं तर सामान पण तिथंच अडकलं असतं.

वजनाचं थोडं बोलतो कारण तो माझा विषय. स्प्रिंगच्या काट्यावर पाच किलोचं वजन अलगद ठेवलं तर काटा पाचवर जातो. तेच वजन तव्याला टेकवून एकदम हात सोडला, वरनं टाकलं नाही, नुसता हात सोडला, तर काटा दहाच्या जवळ उडी मारून परत पाचवर येतो. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा तर यापेक्षा वाईट होतं. म्हणजे दहा किलोची बॅग खड्ड्यागणिक वीस-तीस किलोसारखी बोल्टला ओढत असते, आणि गगनबावडा रोडला पावसाळ्यानंतर खड्डे किती ते मोजायला काटा नको. म्हणून मी एका बाजूला दहा किलोच्या वर जात नाही आणि दोन्ही बाजू फार तर किलोभराच्या फरकात ठेवतो. सुरवातीला डावीकडं ९ किलो ४०० आणि उजवीकडं ६ किलो २०० होतं तर घाटाच्या वळणात गाडी एका बाजूला पटकन पडायची आणि दुसऱ्या बाजूला ढकलावी लागायची, मला वाटायचं टायर गेलं. वजनं वाटून घातल्यावर गाडी सुतासारखी. जड वस्तू खाली आणि पुढं, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्याच्या पुढच्या बाजूला, हलकं वर आणि मागं. मागच्या टायरला डबलसीटची हवा. आणि गाडीच्या पुस्तकात एकूण किती वजन चालतं ते छापलेलं असतं, माझ्या गाडीला माणसं धरून १३० किलो, त्यातनं स्वतःचं वजन खरं खरं वजा करायचं.

उजव्या बाजूला सायलेन्सर. तिथं चौकट थोडी बाहेर घ्यावी लागते, मी बॅग आणि सायलेन्सरमध्ये चार बोटं जागा सोडली तरी पहिल्या उन्हाळ्यात बॅगेचा तळ चिकट झाला, मग मध्ये पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, पत्रा बॅगेला चिकटवायचा नाही, मध्ये हवा खेळली पाहिजे. बॅगेची रुंदी एवढीच ठेवा की पुढच्या हँडलच्या टोकांच्या बाहेर काही जाणार नाही, जिथनं हँडल गेलं तिथनं बॅग गेली पाहिजे, हा हिशेब ऊसाच्या ट्रॉलीनं शिकवला. इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकायची नाही हे तर सांगायला नको, तरी सांगतो, कारण शहरात रोज बघतो. बॅगा मी बाजारातल्या घेतल्याच नाहीत, रिक्षाचे हुड शिवणाऱ्याकडनं जाड ताडपत्रीच्या शिवून घेतल्या, आत प्लायचा तळ, आणि तळाला दोन छोटी भोकं रिंगा मारून, पाणी आत येऊ नये यापेक्षा आलेलं बाहेर जावं हे आपल्या पावसात जास्त महत्त्वाचं. सगळं मिळून अडीच हजाराच्या आत बसलं, त्यात चुकीच्या चौकटीचं भंगार विकून आलेले पैसे धरलेले नाहीत.

आता ज्यांनी दंडाचं पत्र लिहिलं त्यांना एवढंच म्हणणं आहे, लोंबणाऱ्या पिशव्या, साडी गार्ड कापलेल्या गाड्या, इंडिकेटर झाकणाऱ्या बॅगा यांना जरूर धरा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण बोल्टनं पक्कं बसवलेलं, हँडलच्या रुंदीतलं, काढून ठेवता येणारं स्टँड त्याच पंगतीत बसवू नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही असं ते म्हणतं, वीस सेकंदात निघणाऱ्या चौकटीनं आरसीवरचं काय बदलतं ते मला तरी दिसत नाही. चेसीला टाके मारणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, त्याची बाजू मी घेणार नाही, आठ महिने भोगलंय.

आणि खरं मागणं आपल्या उद्यमनगरवाल्यांकडं आहे. ऑइल इंजिनापासनं ट्रकच्या सुट्या भागांपर्यंत काय बनत नाही आपल्याकडं, मग रोज रस्त्यावर दिसणाऱ्या पाच-सहा मॉडेलच्या गाड्यांसाठी पट्ट्यांची जिग, म्हणजे मापाचा साचा, करून ठेवायला काय अवघड आहे? गिऱ्हाईक आलं की गाडी बघायची, भोकं पाडलेल्या तयार पट्ट्या काढायच्या, चार बोल्ट आवळायचे आणि चौकट वरनं सोडायची. अर्ध्या तासाचं काम अर्ध्याच तासात होईल, फक्त टाके चेसीवर न पडता टेबलावर पडतील. कळंब्याच्या आयटीआयमध्ये वेल्डर आणि फिटरची पोरं दरवर्षी सरावाला कसले कसले जॉब बनवून कपाटात ठेवतात, त्यांना हा एक जॉब दिला तर शिकतील पण आणि कुणाच्या तरी गाडीला लागेल पण. माझे पुठ्ठे मी जपून ठेवलेत, गाडी १२५ सीसीची आहे, कुणाला पाहिजे असतील तर तुमच्या कार्यालयात आणून देतो, छापायचे असतील तर फोटो पण काढू द्या.

कळावे,
आपला,
फुलेवाडीचा एक वाचक, कोल्हापूर

ता. क. आर पिन बारीक असते आणि सुटी ठेवली की हमखास हरवते, माझ्या पहिल्या महिन्यात तीन गेल्या. आता प्रत्येक पिन बोटभर साखळीनं पट्टीलाच अडकवलीय, आणि डिकीत दोन जादा ठेवल्यात. साखळी कुठली विचाराल तर बेसिनच्या बुचाची.